ग्रेंजचे पाठभेद: शिराझ, ओक आणि दडवलेली तीन वर्षे

१९५७ ते १९५९ अशी तीन वर्षे ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराच्या कडेला असलेल्या मॅगिल येथील तळघरात एक लाल वाइन मालकांच्या नकळत मुरत होती. ती करू नये, असा कंपनीच्या संचालक मंडळाचा लेखी हुकूम होता. तो हुकूम बाजूला सारून ती करणारा माणूस त्याच कंपनीचा मुख्य वाइननिर्माता होता. कंपनी पेनफोल्ड्स, माणूस मॅक्स शूबर्ट, वाइनचे नाव ग्रेंज आणि द्राक्ष शिराझ. आज ऑस्ट्रेलियन वाइनचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणालाही या तळघराच्या पायऱ्या उतराव्याच लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या बंडाची सुरस कथा हा नाही. कथा सांगावी लागेल. परंतु आमचे कुतूहल वेगळे आहे. चोरून केलेल्या त्या तीन वर्षांच्या वाइनमध्ये एका गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे ओकच्या लाकडाची नवी पिंपे. द्राक्ष तेच, हात तेच, तळघर तेच. फक्त नवे लाकूड नाही. साहित्याच्या अभ्यासकाला एकाच संहितेच्या दोन हस्तलिखितांत एखादे प्रकरण गळालेले सापडावे, तशी ही स्थिती आहे. ते प्रकरण मूळचे की मागाहून घातलेले, असा प्रश्न मग अपरिहार्यपणे उभा राहतो. (महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनात ग्रेंजची बाटली बसत नाही, हे सांगून टाकणे बरे. प्रस्तुत विवेचन जिभेच्या नव्हे, कागदाच्या आधाराने केलेले आहे.)

आधी नावाविषयी. शिराझ म्हटले, की आपल्या मनात प्रथम हाफिज येतो. या कवीला बहमनी सुलतान दुसऱ्या महंमदशाहाने दख्खनेत येण्याचे निमंत्रण दिले होते. तो होर्मुझपर्यंत आला, गलबतावरही चढला, आणि वादळ पाहून परत फिरला, अशी हकीकत फिरिश्त्याने नोंदवली आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीत जेवणाच्या मेजावर शिराझची वाइन असे. आता नाशिक-दिंडोरीच्या बाटल्यांवरही हेच नाव आपण वाचतो. तेव्हा हे द्राक्ष इराणातून निघून जगभर पसरले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तव तसे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया आणि फ्रान्स येथील संशोधकांनी डीएनए तपासून दाखवून दिले, की हे द्राक्ष म्हणजे फ्रान्सच्या आग्नेय भागातील द्युरेझा आणि मोंदूझ ब्लांश या दोन जातींचे अपत्य आहे. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात. जेम्स बस्बी याने १८३० च्या दशकाच्या प्रारंभी युरोपातून वेलींची कलमे ऑस्ट्रेलियात नेली. तिकडच्या मातीत आणि तिकडच्या उच्चारांत त्याचे शिराझ झाले. हाफिजचा यात काही संबंध नाही. पण नाव इतके गोड आहे, की दंतकथेला कोणी फारसा विरोध केलेला दिसत नाही.

१९५० साली ऑस्ट्रेलियात प्यायली जाणारी वाइन बहुतांशी गोड आणि कडक असे. आंबवलेल्या रसात वरून मद्यार्क घालून केलेली शेरी आणि पोर्ट हाच तेथील वाइन कंपन्यांचा मुख्य धंदा होता. पेनफोल्ड्सने शूबर्टला युरोपात पाठवले तेही शेरी शिकण्यासाठी. हा माणूस बरोसा खोऱ्यातील जर्मन वंशाच्या कुटुंबातला, जन्म १९१५ चा. कंपनीत तो निरोप्या पोऱ्या म्हणून लागला आणि महायुद्धातून परतल्यावर १९४८ मध्ये मुख्य वाइननिर्माता झाला. स्पेन-पोर्तुगालचे काम आटोपून परतीच्या वाटेवर तो फ्रान्समधील बोर्दो येथे थांबला. क्रिस्तियाँ क्रूझ या जुन्या व्यापाऱ्याने त्याला चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या वाइन चाखवल्या. इतक्या काळानंतरही त्या जिवंत होत्या. निदान वीस वर्षे टिकेल अशी लाल वाइन आपल्या देशात करायची, हा निश्चय शूबर्टने तेथे केला.

निश्चय बोर्दोचा होता, पण साहित्य बोर्दोचे नव्हते. बोर्दोत कॅबरने सोव्हिन्यों हे द्राक्ष वापरतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याच्या वेली फार थोड्या होत्या, शिराझ मात्र मुबलक होते. बोर्दोतील पिंपे फ्रेंच ओकची. शूबर्टच्या हाती लागली ती अमेरिकन ओकची. १९५१ च्या हंगामात त्याने मॅगिल आणि मॉर्फेट व्हेल या दोन ठिकाणचे शिराझ घेतले आणि आंबवण पूर्ण होण्याच्या थोडे आधीच रस नव्या पिंपांत भरला, म्हणजे आंबण्याची अखेरची क्रिया लाकडाच्या सहवासात घडावी. अशी पाच नवी पिंपे त्याने भरली. तुलनेसाठी तोच रस त्याने हजार गॅलनांच्या एका जुन्या, वापरून निर्गंध झालेल्या पिंपातही ठेवला. शास्त्रीय प्रयोगाची शिस्त त्यात होती. दोन्ही पर्याय नाइलाजाचे होते. पुढे जगाने ज्याला ग्रेंजची शैली म्हटले, ती या दोन नाइलाजांच्या संयोगातून जन्मली आहे, आणि आमच्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

लाकडालाकडांत एवढा फरक का पडावा? अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नलिका आतून भरलेल्या असतात, त्यामुळे तो ओंडका करवतीने कसाही कापला तरी पिंप गळत नाही. फ्रेंच ओक तसा कापला तर झिरपतो. तो रेषेच्या दिशेने फोडावाच लागतो, साहजिकच लाकूड जास्त वाया जाते आणि पिंप महाग पडते. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची सुगंधी द्रव्ये अधिक असतात. त्यांचा वास ओल्या नारळाचा. त्याच्या जोडीला व्हॅनिलाचा गोडवा. फ्रेंच ओकचा गंध आवरता, लवंगेसारख्या मसाल्याकडे झुकणारा; त्याचे टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, बारीक पोताचे लागते असे जाणकार सांगतात. पिंप वाकवताना आतून शेकतात. ते किती शेकले यावर धुराचा, भाजलेल्या दाण्याचा, कॉफीचा वास ठरतो. लाकूड उन्हापावसात दोन-तीन वर्षे ठेवून सुकवले की भट्टीत झटपट सुकवले, यानेही चव बदलते. शिवाय पिंपातून अत्यल्प हवा आत जाते आणि रंग व तुरटपणा स्थिर होतो. म्हणजे पिंप हे नुसते भांडे नाही. नवे पिंप वाइनला काही देते. दोन-तीन वापरांनंतर देणे आटत जाते आणि मग ते खरोखर भांडेच उरते.

हलक्या द्राक्षाला नवे अमेरिकन लाकूड गिळून टाकते. उष्ण प्रदेशात पिकलेले शिराझ मात्र स्वतःच दांडगे असते: गडद रंग, काळ्या फळांचा दाट रस, मिरीचा झणका. ते या लाकडाशी भांडू शकते. परंतु भांडण मिटायला वेळ लागतो, आणि तो देण्याची तयारी १९५० च्या दशकातील रसिकांत नव्हती.

१९५६ च्या अखेरीस सिडनीत संचालक आणि निमंत्रित जाणकार यांच्यासमोर १९५१ ते १९५६ या सहा वर्षांच्या वाइन मांडण्यात आल्या. निकाल जवळपास एकमुखी होता. कोणी म्हणाले, ही लाल वाइन नव्हे, सुकी पोर्ट आहे. एकाने तर हे रानफळांचे मिश्रण असून त्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव वरचढ आहे, असा अभिप्राय दिला. अ‍ॅडलेडमधील चाखणीही फारशी निराळी झाली नाही. १९५७ चा हंगाम येण्यापूर्वी उत्पादन थांबवण्याचा आदेश आला.

या संचालकांची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे. पण त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वर्षानुवर्षे विकता न येणारा माल तळघरात साचत होता, त्यात भांडवल अडकले होते आणि ज्यांना कळते असे मानले जात होते त्या सर्वांनी तो नापसंत केला होता. त्यांचे चुकले ते मोजमापाच्या पट्टीत. त्यांनी दीर्घकाळ मुरण्यासाठी रचलेल्या वाइनला आजच पिण्याच्या वाइनची कसोटी लावली. चाखलेल्या वाइनपैकी सर्वांत थोरली पाच वर्षांची होती. जी वीस वर्षांसाठी केली होती, तिच्याविषयीचा निवाडा तिच्या आयुष्याच्या पहिल्या चतुर्थांशात झाला.

आणि येथे एक सावधगिरीही बाळगायला हवी. मुंग्यांचा अभिप्राय, बंदीचा आदेश, चोरून केलेले हंगाम हे सारे आपल्याला प्रामुख्याने ज्ञात आहे ते शूबर्टने १९७९ मध्ये कॅनबेरा येथील एका विद्यापीठीय परिसंवादात वाचलेल्या निबंधातून. तोपर्यंत ग्रेंज विजयी झाली होती. विजेत्याने आठवून सांगितलेल्या इतिहासात विरोधक जरा अधिकच मठ्ठ दिसतात, हा आपला साहित्यिकांच्या आत्मचरित्रांचाही अनुभव आहे. त्या कथेत दोन माणसे अंमळ मागे राहतात. एक रे बेकविथ, पेनफोल्ड्सचे रसायनतज्ज्ञ. रसातील आम्लतेचा पीएच मोजून जिवाणूंमुळे होणारी नासाडी टाळण्याची पद्धत त्यांनी बसवली नसती, तर वीस वर्षे टिकण्याच्या गोष्टी हवेतच राहिल्या असत्या. दुसरे जेफ्री पेनफोल्ड हायलंड. अ‍ॅडलेडचा कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने काणाडोळा केला, म्हणूनच चोरी पचली. सिडनी हजार किलोमीटरहून दूर होती हे खरे. परंतु अंतरापेक्षा माणसे अधिक उपयोगी पडली.

चोरून वाइन करता येते, मात्र नवी पिंपे चोरून विकत घेता येत नाहीत. त्यांचे बिल मुख्य कचेरीत गेले असते. म्हणून १९५७, १९५८ आणि १९५९ या हंगामांची ग्रेंज आधी वापरलेल्या पिंपांत, थोड्या प्रमाणात मुरली. या वाइन चांगल्या असूनही पुरत्या उतरल्या नाहीत, कारण नवे लाकूड नव्हते, असे शूबर्टने स्वतः सांगून ठेवले आहे. मधल्या काळात बाटल्यांत पडून असलेल्या पहिल्या वर्षांच्या ग्रेंजने आपले भांडण मिटवले होते. संचालकांसमोर त्या पुन्हा ठेवण्यात आल्या आणि १९६० च्या हंगामाआधी उत्पादन सुरू करण्याचा आदेश आला. ज्या चवीला १९५६ मध्ये मुंग्या म्हटले गेले, तीच चव. संहिता बदलली नव्हती. वाचन बदलले होते. १९६२ पासून स्पर्धांत उतरवलेल्या १९५५ च्या ग्रेंजने पुढे पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळवली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ओक ही शिराझवरची कलाकुसर, की शिराझचा अर्थच? शुद्धतावादी भूमिका अशी, की द्राक्षाने आपल्या मातीविषयी बोलावे आणि लाकडाने गप्प बसावे. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शिराझ अतिरेकी लाकडाने बोजड होऊ लागली, तेव्हा या भूमिकेला बळ आले आणि ते रास्तही होते. गंमत अशी, की या वादातील तिन्ही पक्ष पेनफोल्ड्सच्याच घरात नांदतात. ग्रेंज संपूर्णपणे नव्या अमेरिकन ओकमध्ये, सुमारे तीनशे लिटरच्या पिंपांत, दीड वर्षाच्या आसपास मुरते. शूबर्टचा सहकारी जॉन डेव्हरन याने त्याच १९५० च्या दशकात सेंट हेन्री ही वाइन घडवली. ती मुख्यतः शिराझचीच, पण जुन्या, मोठाल्या पिंपांत ठेवलेली. नव्या लाकडाचा तिला स्पर्शही नाही. आणि १९९७ च्या हंगामापासून आरडब्ल्यूटी ही तिसरी आली: केवळ बरोसाचे शिराझ, आणि लाकूड फ्रेंच.

ही तिसरी वाइन म्हणजे इतिहासाला उशिरा विचारलेला प्रश्न आहे असे आम्हाला वाटते. शूबर्टला १९५१ मध्ये फ्रेंच पिंपे मिळाली असती तर? आरडब्ल्यूटीविषयी लिहिणारे तिच्या सुगंधाविषयी, रेशमी पोताविषयी बोलतात. ग्रेंजविषयी लिहिताना त्यांना बांधा, वजन, सांगाडा असे शब्द सुचतात. सेंट हेन्रीचे चाहते द्राक्षाच्या निर्मळ स्वराचे कौतुक करतात. तिघी एकाच कुळातल्या, तरीही एकीला दुसरीची मूळ प्रत म्हणता येत नाही. सेंट हेन्रीत लाकूड वगळणे हाही डेव्हरनचा निर्णयच होता, तेथेही माणसाचा हात आहेच. म्हणून लाकूड काढून टाकले की अस्सल शिराझ उरते, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. दडवलेल्या वर्षांच्या ग्रेंजमधून लाकूड वजा झाले, तेव्हा अधिक शुद्ध ग्रेंज मिळाली नाही. अपुरी ग्रेंज मिळाली.

लाकडाप्रमाणेच सालाचाही विचार व्हायला हवा. १९८३ चा हंगाम घ्या. आधी अवर्षण, मग १६ फेब्रुवारीला दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियात पेटलेले वणवे, त्यापाठोपाठ मार्चमध्ये पाऊस. त्या वर्षीची ग्रेंज कठोर, तुरट आणि अतिशय चिवट म्हणून ओळखली जाते. याउलट २०११ चा हंगाम थंड आणि ओला गेला. तरीही ग्रेंज निघाली. १९५१ पासून तिचे एकही साल चुकलेले नाही. याचे रहस्य असे, की ग्रेंज एका मळ्याची नाही. बरोसा, मॅक्लारेन व्हेल आणि अन्य प्रदेशांतील अनेक मळ्यांचे शिराझ निवडून, बहुतेक वर्षी त्यात थोडे कॅबरने घालून ती जुळवली जाते. एके ठिकाणी बिघडले तर दुसरीकडून सावरता येते. हे संपादन आहे. हेन्श्के कुटुंबाची हिल ऑफ ग्रेस ही तिची तोलामोलाची प्रतिस्पर्धी. तिचे पहिले साल १९५८, म्हणजे ग्रेंज तळघरात लपली होती तेव्हाचे. ती एकाच मळ्याची, १८६० च्या दशकात लावलेल्या वेलींपासून सुरू झालेली. तिला संपादनाची मुभा नाही. २००० आणि २०११ या दोन्ही वर्षी ती निघालीच नाही. या मौनाविषयी आम्हाला आदर आहे. तथापि ग्रेंजच्या अखंडतेला लबाडी म्हणण्याइतके आम्ही मातीचे भक्त नाही.

१९८९ सालापर्यंत बाटलीवर ‘ग्रेंज हर्मिटेज’ असे नाव होते. एर्मिताज ही फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातली सिराची प्रसिद्ध टेकडी. ऑस्ट्रेलियन लोक शिराझलाच सर्रास हर्मिटेज म्हणत. युरोपशी झालेल्या व्यापारी करारात अशी उसनी नावे सोडणे आले आणि १९९० सालापासून नुसती ‘ग्रेंज’ उरली. याच १९९० च्या वाइनला अमेरिकेतील ‘वाइन स्पेक्टेटर’ने १९९५ मध्ये वर्षातील सर्वोत्तम वाइन ठरवले. शूबर्ट आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये वारला होता. उसने नाव गळाले आणि कीर्ती आली, हा क्रम योगायोगाचा असेल, पण त्याला सुखावह वाटला असता.

दडवलेल्या वर्षांनी पुढेही एकदा आपले अस्तित्व दाखवले. एप्रिल २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री बॅरी ओफॅरेल यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे, आपल्याला एका उद्योजकाकडून वाइनची बाटली भेट मिळाल्याचे नाकारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातील आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि त्यांनी राजीनामा दिला. हेतुपुरस्सर खोटे बोलल्याचा ठपका आयोगाने त्यांच्यावर ठेवला नाही. ती बाटली ग्रेंजची होती. साल १९५९, हे त्यांचे जन्मवर्ष म्हणून निवडलेले. जी वाइन हिशेबाच्या वहीत येऊ नये म्हणून नव्या पिंपांवाचून केली गेली, ती पंचावन्न वर्षांनी दुसऱ्या एका हिशेबाच्या नोंदीतून सुटल्यामुळे गाजली. दरम्यान १९५१ ची एक बाटली २०२१ मध्ये लिलावात दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक किमतीला गेली. ते साल कधी बाजारात विकलेच गेले नव्हते. शूबर्टने ते बहुतांशी वाटून टाकले होते.

संग्राहकांच्या घरी अशा जुन्या बाटल्या बऱ्याच आहेत आणि त्यांची बुचे झिजत चालली आहेत. १९९१ पासून पेनफोल्ड्स त्यांच्यासाठी दवाखाने भरवते. पंधरा वर्षे वा त्याहून जुनी बाटली मालकाने आणावी. कंपनीचा वाइननिर्माता ती उघडतो, घोटभर चाखतो, आणि वाइन सुस्थितीत असल्यास कमी झालेली जागा त्याच वाइनच्या अलीकडच्या सालाने भरून नवे बूच व सहीचे प्रमाणपत्र देतो. पाठचिकित्सेच्या भाषेत हा सरळसरळ प्रक्षेप होय. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध करताना एकनाथांनी पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली होती. येथे निर्मात्याचा वारसच स्वतःच्या हाताने नवी ओवी घालतो आणि ती अधिकृत ठरते. जी बाटली या तपासणीत उतरत नाही, तिलाही बूच लावून परत केले जाते. फक्त तिच्यावर एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो.